पंच नसलेली कविता

टॅनर्स फोर्ड, मॅसॅच्युसेट्स
जून १९०८

प्रिय अ‍ॅब्नर,

नाताळखेरीज अन्य ऋतूत माझे पत्र आलेले पाहून तू प्रथम लिफाफा उजेडात धरशील आणि या घरातले कोण वारले असावे याचा अंदाज बांधशील. कोणीही वारलेले नाही. तीर्थरूप ऐंशी ओलांडून गेले असून त्यांची दृष्टी, पचन आणि इतरांच्या चुका काढण्याची शक्ती पूर्ववत आहे. डेलियाही तशीच आहे; नोकरी आमची, पण स्वयंपाकही तिचा आणि राज्यही तिचे. वृत्त निराळेच आहे. तुझ्या या बालमित्राची, अर्थात या गावच्या एकमेव औषधविक्रेत्याची, ‘काव्योद्गमनिर्णय समिती’च्या अध्यक्षपदी एकमताने निवड झाली आहे. एकमताने अशासाठी की त्या क्षणी मी पाणी पिण्यास बाहेर गेलो होतो. समितीचे कार्य उदात्त आहे. या प्रजासत्ताकातले प्रत्येक शाळकरी पोर जी कविता घोकते, प्रत्येक नाटकगृहात दोन अंकांच्या मध्ये जी म्हटली जाते, ती ‘तिसरा चेंडू’ ही कविता आमच्याच कातडी-कारखान्यामागच्या बेसबॉलच्या मैदानावर प्रत्यक्ष घडली, आणि तिचा तो बॅट खांद्यावर टाकून तीन चेंडू हसत सोडून देणारा गर्विष्ठ महामूर्ख नायक म्हणजे तूच, हे निर्विवाद सिद्ध करणे. त्यासाठी ब्राँझची एक पाटी कोरावयाची आहे. येत्या चार जुलैला, स्वातंत्र्यदिनी, ती मैदानातल्या शिळेवर बसेल आणि गावातले ज्येष्ठतम नागरिक या नात्याने तीर्थरूप तिच्यावरचे कापड ओढतील. मसुदा असा: ‘येथे अ‍ॅब्नर स्लेड याने गर्वाने बॅट न उचलता तीन चेंडू सोडले आणि तो अमर झाला.’ यातला ‘अमर’ हा शब्द माझा. ‘गर्वाने’ हा समितीचा, आणि तो काढून टाकण्याची माझी सूचना सात विरुद्ध एक अशा मताधिक्याने फेटाळण्यात आली.

मूर्खपणाचे जन्मस्थान म्हणून मिरवण्यासाठी गावांनी एकमेकांशी भांडावे, ही आमच्या शतकाची प्रगती समज. नदीपलीकडचे ईस्ट हॅडन म्हणते की पराभव तुमचा असला तरी विजय आमचा, म्हणून कविता आमची. पेन्सिल्व्हेनियातल्या एका खेड्याने तर आपली शिळा आधीच पुरून ठेवली आहे. शिवाय देशभर तीन जिवंत गृहस्थ स्वतःला या कवितेचा नायक म्हणवतात. त्यांपैकी एकाचे चित्र सिगारच्या पेटीवर आहे. त्याला मी अध्यक्षीय पत्र धाडून विचारले की महाशय, आपण चेंडू का सोडलात. उत्तर आले की डोळ्यांत ऊन आले होते. कवितेत पहिल्या कडव्यापासून आभाळ भरलेले आहे. माझी संशयी वृत्ती तुला ठाऊकच आहे. ती व्यवसायजन्य आहे. जो मनुष्य दिवसभर डॉक्टरांचे हस्ताक्षर वाचतो तो कोणावरही विश्वास ठेवू शकत नाही. तथापि समितीने मला निवडले ते या गुणासाठी नव्हे. त्या सामन्याला सारे गाव हजर होते आणि प्रत्येकाने निराळा सामना पाहिला होता. मी एकटाच गैरहजर होतो, म्हणून मी एकटाच निःपक्षपाती.

त्या गैरहजेरीचे कारण तू विसरला नसशील. त्या ऑगस्टात मला बाविसाव्या वर्षी गालगुंडे झाली होती आणि वरच्या मजल्यावरच्या खोलीत कोंडून डेलिया मला खळीसारखी ओटची पेज पाजत होती. सामन्याच्या आदल्या संध्याकाळी तू खिडकीखाली येऊन उभा राहिलास. उजवा हात तू कोटाच्या आत खुपसला होतास. कारखान्यात कातड्यांचा गठ्ठा खांद्यावर कोसळला होता आणि हात छातीच्या वर जात नव्हता. तू म्हणालास, “कुणाला बोलू नकोस. आधीच तू नाहीस, त्यात मीही गेलो तर ईस्ट हॅडनवाले नावा सोडून पोहत येतील. उद्या पंचाकडे खालचा चेंडू मागणार, कमरेखालचा.” मी खिडकीतून म्हटले, “तू आणि खालचा? जन्मात कधी मागितलायस?” तू वर पाहून म्हणालास, “गप रे. त्या भोपळ्यातून बोलू नकोस, हसू येतं आणि खांदा दुखतो.” एवढे बोलून तू गेलास. दुसऱ्या दिवशी मला खिडकीतून फक्त आरडाओरडा ऐकू आला, आणि नंतर जी शांतता पसरली ती आरड्याहूनही मोठी होती.

पुढचे तुला माझ्याहून जास्त माहीत आहे, किंवा असायला हवे. तू बाद झालास, सामना गेला. मी विचारले तेव्हा तू म्हणालास, “सोडले,” आणि बुटाची नाडी बांधू लागलास. मी समजलो की ऐन वेळी तुला लोकांसमोर खालचा चेंडू मागण्याची लाज वाटली, तू सवयीने वरचा मागितलास, आणि मग हातच उचलेना. हे समजणे सोयीचे होते. गावही एव्हाना हळहळून दमले होते आणि बटाट्यांकडे वळले होते. पुढल्या वसंतात जिल्ह्याच्या साप्ताहिकात नाव नसलेली ती कविता छापून आली. दोन महिन्यांत ती बॉस्टनला पोहोचली, वर्षभरात सर्वत्र. त्यातल्या नायकाचे नाव निराळे आहे हे खरे. पण कारखान्याचे धुराडे, कुंपणावर बसलेली पोरे, शेंगदाणेवाल्याचा एक कान नसलेला कुत्रा, सारे आमचेच. त्यानंतर तू न्हाव्याकडे गेलास तरी कोणीतरी खांद्यावर काठी टाकून उभे राहायचे. तू पश्चिमेची गाडी पकडलीस. फलाटावर तीर्थरूप तुला निरोप देण्यास आले होते. त्यांनी बराच वेळ घसा खाकरला आणि शेवटी शिकागोला गाडी कुठल्या फलाटावर बदलावी हे दोनदा सांगितले. तू आठव्या वर्षापासून ज्यांच्या टेबलावर जेवलास, ज्यांच्याकडून मार आणि लॅटिन समप्रमाणात घेतलेस, त्यांचा निरोप एवढाच. मला तेव्हाही ते संशयास्पद वाटले होते, पण मी तो दोष लॅटिनला दिला.

आता पुरावा. समितीच्या प्रत्येक बैठकीचा आरंभ चर्चच्या दिवंगत डीकनच्या पत्नी टॅबिथा क्रेन यांच्या काव्यगायनाने होतो. त्या आद्योपान्त म्हणतात, हातवाऱ्यांसह. गेल्या महिन्यात त्या तिसऱ्यांदा म्हणत असताना मी टाळण्याची दुसरी काही सोय नसल्यामुळे कविता ऐकली. आणि माझ्या ध्यानी आले की या कवितेत सर्व काही आहे. चेंडू फेकणारा पिचर आहे, त्याच्या टोपीचे ठिगळ आहे, पाद्र्याची भाची आहे, आकाशातला ससाणा आहे, कुत्रा दोन वेळा आहे. पंच नाही. तीन चांगले चेंडू वाया घालवले म्हणून तीनदा स्ट्राइक पुकारली जाते आणि नायक बाद होतो, पण पुकारतो कोण? जणू आकाशवाणी. लग्नाचे साद्यंत वर्णन करावे आणि त्यात पाद्री नसावा, तसे. बरे, सर्व मैदान ज्याच्या तोंडाकडे पाहते त्यालाच कवी कसा विसरतो? मी विचार करत घरी आलो आणि डेलियाला विचारले. ती शेंगा निवडत होती. म्हणाली, “आमच्या आईनं सगळ्या भावंडांचं चित्र काढलं होतं, मिस्टर फिनीअस. त्यात ती स्वतः नव्हती. काढणारा कसा असेल त्यात?” आणि मला शेंगा निवडायला बसवले. मी बसलो. त्या सामन्याचे पंच कोण होते हे तुला सांगणे नलगे.

मी स्वतःला बजावले की हा निव्वळ तर्क आहे. पण संशय एकदा घरात आला की तो जेवायला थांबतो. मी तीर्थरूपांवर नजर ठेवू लागलो, आणि जे वीस वर्षे दिसत होते ते प्रथमच पाहिले. कोठेही ही कविता सुरू झाली की त्यांना परसातल्या रूबार्बच्या आंबट देठांची चिंता उत्पन्न होते आणि ते उठून जातात. जानेवारीतही, वाफ्यावर हातभर बर्फ असताना. तुझ्याकडून नाताळला पेअरची पेटी येते, ते एकेक फळ कागदातून सोडवतात, पाहतात, पुन्हा तितक्याच नेटकेपणाने गुंडाळून ठेवतात आणि म्हणतात, “तुम्ही खा.” आयुष्यात त्यांनी फळाला नाही म्हटलेले मी पाहिलेले नाही, तुझ्या फळाखेरीज. शिवाय त्या सामन्यानंतर ते पुन्हा कधीही पंच म्हणून उभे राहिले नाहीत. आम्हास कारण सांगितले ते गुडघ्याचे. तो गुडघा अद्याप रोज टेकडीवरच्या चर्चपर्यंत जातो आणि येताना तरुणांना मागे टाकतो.

याच सुमारास होरेस पेटिंगिल अवतरले. होय, तोच, ईस्ट हॅडनचा ठिगळाच्या टोपीचा पिचर. सध्या राज्याच्या सिनेटात असतात आणि टोपी रेशमी आहे. चार जुलैला आपणास भाषणासाठी किती वेळ मिळेल हे ठरवण्यासाठी ते माझ्या दुकानात आले, दोन ग्लास रूट बिअरचे गोड सरबत समितीच्या खात्यावर प्याले आणि पुढे झुकून म्हणाले, “खरं सांगू व्हिटकोम? तुमचा स्लेड गाढव होता. तीन चेंडू, तीनही छातीएवढे, लोण्याच्या गोळ्यासारखे. मी घाबरून गेलो होतो. म्हटलं हा आता नदीपार मारणार. हलला नाही पठ्ठ्या.” मी विचारले, छातीएवढेच का टाकलेत. ते दुखावले गेले. म्हणाले, “म्हणजे काय? तुमच्या वडिलांनी मला ‘वरचा’ म्हणून सांगितलं. पंच वरचा म्हणाला की मी वरचाच टाकणार. तेव्हा नियम होते महाराज.” मी त्यांचा ग्लास पुसत राहिलो. तो आधीच स्वच्छ होता.

हे समितीला सांगायचे तर मला प्रथम त्यांना इतिहास शिकवावा लागला असता, कारण निम्म्या सभासदांना ते दिवस आठवत नाहीत आणि उरलेल्यांना चुकीचे आठवतात. तुला आठवतील. फलंदाज जागेवर येताच त्याने पंचाला सांगायचे, चेंडू वरचा हवा की खालचा. कमरेवरचा की कमरेखालचा. पंच ते पिचरला सांगणार, आणि मग तो डाव संपेपर्यंत त्यात बदल नाही. वरचा मागितला असेल तर छातीवरून गेलेला चेंडू स्ट्राइक. खालचा मागितला असेल तर तोच चेंडू फुकट, आणि तो सोडून देणारा फलंदाज मूर्ख नव्हे, शहाणा. पुढच्याच वर्षी हा नियम रद्द झाला. कविता छापून आली तेव्हा देशातल्या मैदानांवर कोणी काही मागत नव्हते. त्यामुळे ज्या लक्षावधी लोकांनी ती वाचली त्यांच्या डोळ्यांसमोर एकच चित्र उभे राहिले: उत्तम चेंडू येतो आहे आणि एक उन्मत्त प्राणी हसत उभा आहे. तू खालचा मागितला असशील, असा प्रश्न पडण्याची सोयच उरली नव्हती. मला मात्र खिडकीखालचे ते वाक्य आठवत होते.

तेव्हा दोनच शक्यता उरल्या. एक, तू ऐन वेळी मत बदललेस. हे मी बावीस वर्षे मानत आलो. दोन, तू खालचा मागितलास आणि पंचांनी पिचरला वरचा सांगितला. मग त्याच पंचांनी नाव न घालता एक कविता रचली, तिच्यातून स्वतःला पुसले, सर्व दोष तुझ्या गर्वावर ठेवला, आणि ती लोकप्रिय झाली तेव्हा रूबार्ब पाहायला गेले. दुसऱ्या शक्यतेने मला झोप येईना. ज्या गृहस्थांनी मला एका चुकीच्या विभक्तीसाठी कोपऱ्यात उभे केले, त्यांनी हे करावे? मी त्यांच्याकडे नाश्त्याच्या वेळी पाहू लागलो तेव्हा ते म्हणाले, “माझ्या नाकावर काही आहे का?” मी म्हटले, नाही. “मग अंड्याकडे पाहा. ते तुझ्यासाठी आहे.” अपराधी मनुष्य इतक्या सहजपणे बोलेल का? उलट, इतक्या सहजपणे अपराधीच बोलेल. संशयाचे हे एक सुख आहे. त्याला कोणतेही वाक्य चालते.

गेल्या मंगळवारी ग्रंथालयाच्या वरच्या खोलीत समितीची अंतिम बैठक झाली. पाटीचा मसुदा व त्याखाली कोरावयाची संपूर्ण कविता सर्वांसमोर वाचायची होती, आणि कापड ओढणारे म्हणून तीर्थरूपांना निमंत्रण होते. परसात जाण्यास परस नव्हते. टॅबिथाबाईंनी वाचन केले. तीर्थरूप काठीच्या मुठीवर दोन्ही हात ठेवून बसले होते. वाचन संपल्यावर बाईंनी कृपाळूपणे विचारले, “काही राहिलं का, मास्तर?” ते म्हणाले, “पंच राहिला.” बाई हसल्या. “अहो, कवितेत पंच नाहीच मुळी.” तेव्हा तीर्थरूप शाळेत बोलत त्याच स्वरात, प्रत्येक शब्द स्वतंत्र ठेवत म्हणाले, “आहे. शेवटून दुसऱ्या कडव्यात होता. संपादकानं काढला.” बाईंनी विचारले, तुम्हाला कसे ठाऊक. त्यांनी हॅट घातली आणि म्हणाले, “छापण्याआधी माझ्या वाचनात आली होती.” आणि जिना उतरून गेले. समितीने एकमेकांकडे पाहून मान हलवली; वय झाले, असा त्या हलवण्याचा अर्थ होता. मग कोणीतरी फटाक्यांचा विषय काढला. मी अध्यक्ष असूनही अध्यक्षीय समारोप न करता निघालो, आणि याबद्दल माझे आभार मानण्यात आले असे नंतर कळले.

तीर्थरूप घराच्या पुढच्या दारातल्या ओसरीवर बसले होते. मी शेजारच्या खुर्चीत बसलो आणि शक्य तितक्या अधिकृत स्वरात म्हटले, “त्यानं खालचा मागितला होता. मला आदल्या संध्याकाळी सांगून गेला होता.” त्यांनी रस्त्यावरून जाणाऱ्या दुधाच्या गाडीकडे पाहिले. मग म्हणाले, “माहीत आहे.” पुढचे त्यांच्याच शब्दांत लिहितो, कारण माझ्या शब्दांत अलंकार शिरतील. “तो आला. काहीतरी म्हणाला. मी बहिरा नव्हतो, फिनीअस. ऐकण्याचं काम मी केलंच नाही. मला ठाऊक होतं तो काय म्हणणार. आठ वर्षांचा असल्यापासून तो पोरगा वरचा मागत होता. त्याला अंडं किती वेळ उकडलेलं लागतं हेसुद्धा मी न विचारता सांगू शकलो असतो. त्याचं बोलणं पुरं व्हायच्या आत मी पेटिंगिलला वरचा सांगून मोकळा झालो. पहिला चेंडू गेला, मी स्ट्राइक म्हटलं. दुसरा गेला. मग तो वळला आणि त्यानं माझ्याकडे पाहिलं. रागानं नाही. शाळेत फळ्यावर मी बेरीज चुकलो की बघायचा, तसं. तेव्हा मला कळलं.”

मी विचारले, मग फिरवला का नाही शब्द. ते म्हणाले, “समोर ईस्ट हॅडन उभं होतं. सामन्याआधी त्यांनीच हरकत घेतली होती ना, की तुमचा फलंदाज तुमच्याच टेबलावर जेवतो. मी मोठ्या तोऱ्यात सांगितलं होतं, टेबलावर जेवतो, मैदानावर नाही. आता त्याच्या बाजूनं दोन स्ट्राइक परत घ्यायच्या? मी विचार करत होतो, तोवर तिसरा आला. वरचाच. मी माझ्या चुकीशी प्रामाणिक राहिलो.” आणि पुढे म्हणाले, “कर्णधार तोच होता. हरकत घ्यायचा हक्क त्याचा होता. त्यानं एक शब्द काढला असता तर मला खोटं तरी ठरवलं असतं, नाही तर पक्षपाती तरी. म्हणून तो बाद झाला आणि टोपी काढून मला नमस्कार करून गेला. बावीस वर्षं झाली, मला तो नमस्कार दिसतो.”

कविता त्यांनीच त्या हिवाळ्यात लिहिली. माझा संशय तिथवर बरोबर होता आणि तिथून पुढे सर्वस्वी चूक. ती तुला दोष देण्यासाठी नव्हती. स्वतःचा गुन्हा चारचौघांत वाचून दाखवण्याचे धैर्य नसलेल्या मास्तराने तो छंदात बांधून छापायला दिला होता. सारी कविता वाचकाला तुझ्यावर चिडू देते, अशासाठी की शेवटून दुसऱ्या कडव्यात तो सारा राग एकदम पंचाच्या डोक्यावर कोसळावा. रचना कुशल होती. एवढे कुशल असणे हाच दोष ठरला. साप्ताहिकाच्या संपादकाला त्या पानावर यकृताच्या गोळ्यांच्या जाहिरातीसाठी चार ओळींची जागा हवी होती, आणि त्याने ज्यावाचून अडणार नाही असे वाटले ते कडवे काढले. तीर्थरूप दुसऱ्याच दिवशी त्याच्याकडे गेले. तो म्हणाला, “मास्तर, लोकांना फार आवडली. आवडलेल्या गोष्टीला दुरुस्ती छापत नाहीत. आणि पंचासाठी कविता कोण वाचतो?” मग ती बॉस्टनला गेली, आणि प्रत्येक महिन्याबरोबर खरे बोलणे अधिक लांबचे झाले. त्या गोळ्या, तुझ्या माहितीसाठी, मी अजून विकतो. परवा मी सगळ्या बाटल्या फडताळातून खाली काढल्या. दुपारपर्यंत तीन गिऱ्हाइके त्या मागून गेली, म्हणून परत ठेवल्या.

ते कडवे मी त्यांना म्हणावयास लावले. त्यांनी रस्त्याकडे पाहत, एकही शब्द न अडखळता म्हटले:

त्याने मागितला खालचा चेंडू, मी मोजले वरचे;
बोल ऐकावे कशास, म्हटले, ओळखीच्या घरचे?
वळून पाहिले त्याने एकदा, मी पाहिले आभाळ;
बाद कोण झाला ते जाणे फक्त ती संध्याकाळ.

यावर मी काही विनोद केला नाही. तू असतास तर तुला आश्चर्य वाटले असते. डेलिया दारात उभी होती, केव्हापासून ते ठाऊक नाही. ती म्हणाली, “मास्तर, आत चला, सूप निवतंय,” आणि त्यांच्या कोपराला धरून उठवले. पूर्वी तिने तसे कधी केले नव्हते.

आता हे पत्र कशासाठी, ते. तीर्थरूपांची इच्छा आहे की चार जुलैला कापड ओढण्यापूर्वी त्यांनी स्वतः हे कडवे सर्वांसमोर म्हणावे, ईस्ट हॅडनसकट, आणि ते ब्राँझमध्ये आपल्या जागी कोरले जावे; ‘गर्वाने’ हा शब्द तेव्हा आपोआप गळेल. मात्र ते म्हणतात की गप्प राहणे हा तुझाही निर्णय होता, त्यांची लाज राखण्यासाठी तू तो बावीस वर्षे आणि तीन हजार मैल पाळलास, आणि तुझ्या अनुमतीवाचून तो मोडण्याचा त्यांना अधिकार नाही. याहून दुसरा मार्गही आहे: मी अध्यक्ष या नात्याने पुराव्याअभावी आपला दावा मागे घेतो, कविता पेन्सिल्व्हेनियाला आणि सिगारवाल्याला लखलाभ होते, तुझे नाव कोठेही कोरले जात नाही, आणि सत्य या ओसरीपुरते राहते. आत्ता मी लिहितो आहे आणि तीर्थरूप समोर बसून डेलियाच्या आज्ञेने रूबार्ब सोलत आहेत. मघाशी त्यांनी वर न पाहता विचारले, “तो हो म्हणेल ना?” मी म्हणणार होतो की अर्थात म्हणेल, मी त्याला ओळखतो. शब्द जिभेवर आले होते. तुला ओळखणाऱ्या माणसांमुळेच तू एकदा बाद झाला आहेस, हे वेळीच आठवले. म्हणून, अ‍ॅब्नर, मी तुझ्या वतीने काहीही गृहीत धरलेले नाही. कडवे सर्वांसमोर म्हणावयाचे असेल तर वरचा, सारे झाकून ठेवावयाचे असेल तर खालचा. तारेत एक शब्द पुरे. स्वतः येऊन सांगितलास तर खांद्याला मालिश करण्याचे तेल माझ्याकडे आहे आणि तुझी टेबलावरची जागा डेलियाने कोणालाही दिलेली नाही. तू मागशील तसेच होईल. या खेपेस पंच ऐकायला बसले आहेत. त्यांनी सुरी खाली ठेवली आहे.

तुझाच,
त्या सामन्यास गैरहजर असलेला,
फिनीअस